सावनेरच्या आकाशांतील मरीचि

नागपुराहून छिंदवाड्याच्या रस्त्यानें उत्तरेस निघालें म्हणजे शहराची वस्ती संपते न संपते तोंच कोराडीच्या वीजगृहाचीं उंच धुराडीं दृष्टीस पडतात. तीं मागें टाकलीं कीं कपाशीचीं शेतें आणि संत्र्यांच्या बागा सुरू होतात, आणि पस्तीस-चाळीस किलोमीटरांची मजल झाली म्हणजे कोलार नदीच्या कांठचें सावनेर गांव लागतें. पूर्वीं ह्या मार्गावर लहान रुळांची आगगाडी होती. ती इतकी सावकाश जाई कीं, उतारूस वाटेंतल्या बागांतील झाडें मोजीत बसावयास पुरेसा वेळ मिळे. सन २०१५ मध्यें ती बंद झाली. आतां तेथें रुंद रूळ आले आहेत आणि झाडें मोजण्याची सोय उरलेली नाहीं. गांव तालुक्याचें आहे. कापूस, संत्रीं आणि भूमीच्या पोटांतील कोळसा ह्या तिहींवर त्याचा चरितार्थ चालतो. जवळच अदासा येथें टेकडीवर गणपतीचें जुनें देवालय आहे, आणि चतुर्थीस तेथें भाविकांची गर्दी लोटते.

परंतु सावनेर हें नांव ऐकतांच मराठी वाचकाला आठवतें तें ह्यांपैकीं कांहींच नव्हे. ता. २३ जानेवारी १९१९ रोजीं राम गणेश गडकरी ह्या गांवीं निवर्तले. वय अवघें तेहतीस वर्षांचें. 'भावबंधन' नुकतेंच हातावेगळें झालें होतें; 'राजसंन्यास' अपुरें राहिलें तें राहिलेंच. ज्यानें सगळ्या महाराष्ट्रास पोट धरधरून हंसविलें आणि तितकेंच रडविलें, त्याचा शेवटचा श्वास ह्या बागाइती गांवांत गेला, हें मनांत आल्यावांचून आम्हांस तरी येथें पाऊल टाकतां येत नाहीं. ही तारीख वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

सावनेरास आमच्या मेहुण्यांचें बिऱ्हाड आहे. घर मोठें, एका चुलीवरचें, आणि वैशाखांत पाहुण्यांची भर पडली म्हणजे पंगतीस जागा पुरत नाहीं. विदर्भाचा उन्हाळा ज्यांनीं भोगला आहे त्यांस सांगावयास नको कीं, अशा दिवसांत रात्रीं घराच्या आंत निजणें अशक्य. गच्चीवर ओळीनें अंथरुणें पडतात, उशाशीं पाण्याचा माठ असतो, आणि झोंप येईपर्यंत डोळ्यांपुढें आकाशावांचून दुसरें कांहीं नसतें. अशाच एका अमावास्येच्या रात्रीं मेहुण्यांच्या धाकट्या नातीनें विचारिलें, "आजोबा, दोन ताऱ्यांच्या मधें काय असतें हो?" तिचा थोरला भाऊ इंजिनियरिंग शिकतो. त्यानें उशीवरून डोकें न उचलतां उत्तर दिलें, "कांहीं नसतें. पोकळी." त्यावर आमचे मेहुणे उठून बसले. "पोकळी कशी? आकाश हें द्रव्य आहे असें आपल्या शास्त्रकारांनीं कधींच सांगून ठेविलें आहे. त्या लोकांना आतां कोठें कळूं लागलें आहे!"

दोन्ही उत्तरें ठाम होतीं, आणि दोन्ही आम्हांस पटलीं नाहींत. नातवाच्या उत्तरांत आळस होता. मेहुण्यांच्या उत्तरांत अभिमान होता, आणि त्याविषयीं दोन शब्द बोलणें आम्हांस अगत्याचें वाटतें, कारण हा अभिमान आज घरोघरीं आढळतो. वैशेषिकांनीं आकाशाला द्रव्य म्हटलें हें खरें. नऊ द्रव्यांत त्याची गणना आहे. पण तें कां म्हटलें? शब्द हा गुण आहे, गुणाला आश्रय पाहिजे, आणि पृथ्वी, जल, तेज, वायु ह्यांपैकीं कोणीही तो आश्रय होऊं शकत नाहीं, म्हणून पांचवें द्रव्य मानावें, असा तो युक्तिवाद. तें आकाश एक, नित्य आणि सर्वव्यापी. ताऱ्यांमधला जो पदार्थ आज सांपडला आहे तो ह्याच्या अगदीं उलट: तो तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेला, वाहणारा, कोठें दाट तर कोठें विरळ असा वायु आहे, आणि तो इतका विरळ आहे कीं कानाला ऐकूं येईल असा शब्द त्यांत संभवतच नाहीं. ज्या आकाशाचा गुण शब्द, तें हें नव्हे. कणादाच्या तोंडीं त्यानें न सांगितलेली गोष्ट घालणें हा त्याचा गौरव नसून अपमान आहे, असें आमचें मत आहे. त्याच्यापासून घ्यावयाचें असेल तर त्याची प्रमाणपद्धति घ्यावी. ती आजही कामास येते, आणि ती कशी येते हेंच पुढें सांगावयाचें आहे.

लग्नांत वधूवरांस अरुंधती दाखवितात. ती वसिष्ठाला बिलगून असते. त्या वसिष्ठाच्याही पुढें, सप्तर्षींच्या अगदीं शेवटीं जो एकटा तेजस्वी तारा, तो मरीचि. संस्कृतांत मरीचि म्हणजे किरण. ह्या ताऱ्याला हें नांव मिळावें हा योग मोठा सुंदर आहे. सूर्याचा पृष्ठभाग साडेपांच हजार अंश तापलेला, तर मरीचीचा पंधरा हजारांहूनही अधिक. जितका तारा तापलेला तितका त्याचा प्रकाश जांभळ्या टोंकाकडे झुकतो, आणि मरीचीचा तर निम्म्याहून अधिक प्रकाश जांभळ्याच्याही पलीकडे जातो. ह्या पलीकडच्या प्रकाशास पूर्वीं जंबुपार म्हणत. हल्लींचे लोक अतिनील म्हणतात. तो डोळ्यांस दिसत नाहीं, आणि दिसता तरी उपयोग नव्हता, कारण तो भूमीपर्यंत पोंचतच नाहीं. आपल्या वातावरणांतील ओझोन आणि प्राणवायु मिळून तो वरचेवर गिळून टाकतात. तसें झालें नसतें तर सावनेरच्या बागांत एक पान हिरवें राहिलें नसतें. तेव्हां तक्रार करण्याचें कारण नाहीं.

मरीचि आपल्यापासून सुमारें १०४ प्रकाशवर्षें दूर आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे जवळजवळ साडेनऊ लक्ष कोटी किलोमीटर. ह्याचा अर्थ असा कीं, गच्चीवर पडल्या पडल्या आमच्या डोळ्यांत जो किरण शिरला, तो तेथून १९२१-२२ च्या सुमारास निघालेला. गडकऱ्यांस जाऊन त्या वेळीं दोन-तीनच वर्षें झालीं होतीं. त्यांस पाहिलेलीं, त्यांच्याशीं बोललेलीं माणसें सावनेरांत वावरत होतीं. तेव्हांपासून हा किरण एकसारखा चालत आला आहे. मग एवढ्या वाटेंत त्याला कांहींच भेटलें नाहीं काय?

ह्याचें उत्तर किरणच देतो. जुन्या काळीं गांवाच्या वेशीवर जकातीचा नाका असे, आणि गाडींत माल कोणता ह्यावर कोणत्या पोत्याची जकात कापावयाची हें ठरलेलें असे. प्रत्येक वायूचा असाच एक नाका आहे. ताऱ्याचा प्रकाश म्हणजे सर्व रंगांचा माल भरलेली गाडी. वाटेंत हायड्रोजन लागला तर तो १२१.६ नॅनोमीटर लांबीच्या लहरी तेवढ्या काढून घेतो, बाकीच्यांस हात लावीत नाहीं. मॅग्नेशियम २८० च्या आसपासच्या दोन, कार्बन आणि ऑक्सिजन १३० च्या जवळच्या, अशा ज्याच्या त्याच्या लहरी ठरलेल्या आहेत. गाडी मुक्कामावर पोंचली म्हणजे तींतला माल रंगवार मांडून पाहावयाचा. जेथें जेथें काळी रेषा दिसेल तेथें तेथें कोणी तरी जकात घेतली. मांडलेल्या ह्या मालास वर्णपट म्हणतात. येथें न्यायशास्त्राची आठवण होते. धूर दिसला म्हणजे डोंगरावर अग्नि आहे असें अनुमान करावयाचें, कारण स्वयंपाकघरांत दोहोंचें साहचर्य आपण पाहिलेलें असतें. प्रयोगशाळा हें शास्त्रज्ञांचें स्वयंपाकघर. तेथें हायड्रोजनची रेषा पाहिली, म्हणून वर्णपटांत तीच रेषा दिसली कीं वाटेंत हायड्रोजन आहे असें म्हणावयाचें. (कोराडीच्या धुराड्यांकडे बोट दाखवून हें उदाहरण मुलांस समजावतां येतें, ही सावनेरकरांची विशेष सोय.)

पण चांगला नैयायिक येथें लगेच शंका घेईल. रंग वाटेंत गेला कशावरून? ताऱ्याच्याच अंगावर जो वायु आहे त्यानें तो घेतला नसेल काय? ही शंका सन १९०४ मध्यें फिटली. मृगाच्या पोटांत शिरलेला तीन ताऱ्यांचा बाण सर्वांच्या ओळखीचा आहे. त्यांपैकीं पश्चिमेकडचा तारा वास्तविक जोडीनें फिरणारा आहे. तो कधीं आपल्याकडे येतो, कधीं दूर जातो, आणि त्याप्रमाणें त्याच्या वर्णपटांतील रेषा इकडे-तिकडे सरकतात. जर्मनींतील हार्टमन ह्या ज्योतिर्विदाला त्या वर्णपटांत कॅल्शियमची एक रेषा अशी आढळली कीं ती त्या जोडीबरोबर हलेना. तारा झोंके घेतो आणि ही रेषा जागच्या जागीं! तेव्हां ती ताऱ्याची नव्हे, मधल्या कोणाची तरी, हें उघड झालें. मरीचीच्या बाबतींत दुसरा एक पुरावा उपयोगी पडतो. तो स्वतःभोंवतीं फार वेगानें फिरतो, त्यामुळें त्याच्या स्वतःच्या रेषा पुसटलेल्या शाईप्रमाणें रुंद पसरतात. मधल्या थंड वायूच्या रेषा मात्र टांकानें ओढल्यासारख्या बारीक राहतात. दोहोंची गफलत होण्याचें कारण उरत नाहीं. असे उष्ण आणि वेगानें फिरणारे तारे ह्या कामांत उत्तम दिवे ठरतात.

कॅल्शियम आणि सोडियम ह्यांच्या रेषा जमिनीवरून दिसतात, पण तो किरकोळ माल. जगांत सर्वांत विपुल जो हायड्रोजन, त्याची मुख्य रेषा, आणि कार्बन, ऑक्सिजन, लोखंड ह्यांच्याही मोठ्या रेषा, सगळ्या जंबुपार प्रदेशांत आहेत. म्हणजे ज्या प्रकाशांत ताऱ्यांमधली सगळी हकीकत लिहिलेली, नेमका तोच आपल्या दारांत येत नाहीं. उपाय एकच: वाचणाऱ्यानेंच दाराबाहेर जावयाचें. अमेरिकेंतील लायमन स्पिट्झर ह्यांनीं ही कल्पना १९४६ सालींच मांडिली होती, म्हणजे पहिला कृत्रिम उपग्रह उडण्याच्या अकरा वर्षें आधीं. लोकांनीं त्यांस स्वप्नाळू म्हटलें असल्यास नवल नाहीं. परंतु ता. २१ ऑगस्ट १९७२ रोजीं 'कोपर्निकस' नांवाची ८० सेंटिमीटरांची दुर्बीण आकाशांत गेली, तिच्यावरचें वर्णपटयंत्र स्पिट्झर ह्यांच्याच प्रिन्स्टनच्या मंडळींनीं घडविलेलें होतें, आणि दुसऱ्याच वर्षीं नरतुरंग पुंजांतील एका ठळक ताऱ्याच्या प्रकाशांत तिनें जड हायड्रोजनची, म्हणजे ड्यूटेरियमची, रेषा वाचून दाखविली.

हें ड्यूटेरियम म्हणजे काय चीज आहे? ताऱ्यांच्या पोटांत तें टिकत नाहीं, जळून जातें. तेव्हां आज जें ताऱ्यांमध्यें शिल्लक आहे तें विश्वाच्या पहिल्या कांहीं मिनिटांतलें, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पुढें १९९० सालीं हबल दुर्बीण गेली आणि तिनें आपल्या ब्रह्महृदय ताऱ्याच्या दिशेनें हीच मोजणी अधिक सूक्ष्मपणें केली; १९९३ सालीं ती प्रसिद्ध झाली. एक लाख हायड्रोजन परमाणूंमागें दीड-दोन जड परमाणु, असा हिशेब निघाला. एवढ्याशा अंशावरून विश्वाच्या आरंभीं साधा पदार्थ किती निर्माण झाला ह्याचा अदमास बांधतां येतो. ज्यांस विश्वाला असा एखादा आरंभच मान्य नव्हता असेही थोर लोक होते, आणि त्यांत आपले जयंत विष्णु नारळीकर अग्रेसर. त्यांच्या मातोश्री संस्कृतच्या विदुषी आणि वडील काशीस गणिताचे प्राध्यापक. नारळीकरांनीं २०२५ सालीं देह ठेविला. शेवटपर्यंत त्यांनीं बहुमताच्या पुढें मान तुकविली नाहीं. बहुमत येथें बरोबर असावें असें आम्हांस वाटतें, पण पूर्वपक्ष असा जिवंत ठेवणारा मनुष्य ज्या शास्त्रांत नाहीं तें शास्त्र आळशी होतें.

आतां ह्या रेषांवरून काय काय कळतें तें पाहूं. रेषा किती गडद, ह्यावरून वायु किती. रेषा आपल्या जागेपासून किती सरकली, ह्यावरून तो कोणत्या वेगानें येतो किंवा जातो. रेषा किती रुंद, ह्यावरून तो किती तापलेला. ही शेवटची गोष्ट काढण्यांत एक गंमत आहे. वायु उष्ण असला तरी रेषा रुंद होते आणि आंतल्या आंत ढवळला जात असला तरीही होते. मग कारण ओळखावें कसें? उष्णतेनें हलका परमाणु जड परमाणूपेक्षां अधिक जलद धांवतो, पण ढवळण्यानें सगळे सारखेच हलतात. म्हणून हलक्या ड्यूटेरियमची रुंदी आणि जड लोखंडाची रुंदी शेजारीं शेजारीं ठेवून पाहावयाची, कीं कोणाचा वाटा किती तें वेगळें होतें. उत्तर आलें सहा-सात हजार अंश! हें ऐकतांच गच्चीवरच्या नातीनें डोळे विस्फारले. तिला आम्हीं समजाविलें कीं, तेथें हात घातला तर तो भाजणार नाहीं, कारण हाताला लागण्याइतके परमाणुच तेथें नाहींत.

किती आहेत? आपला एक लिटरचा तांब्या घ्यावा. तो पालथा करून रिकामा केला तरी त्यांत हवेचे रेणु राहतात ते पंचवीस ह्या आंकड्यावर एकवीस शून्यें दिलीं असतां होतील इतके. तोच तांब्या सूर्यमालेच्या बाहेरच्या त्या वायूंत बुडवून काढला तर त्यांत हायड्रोजनचे दोन-तीनशें परमाणु येतील. आपल्या डोक्यावरच्या एका चौरस सेंटिमीटरावर वातावरणाचा भार आहे सुमारें एक किलोग्रॅमचा; आणि जवळच्या एखाद्या ताऱ्यापर्यंत तेवढ्याच रुंदीचा खांब उभा केला तर त्यांतल्या सगळ्या हायड्रोजनचें वजन ग्रॅमच्या लक्षांशाच्याही आंत भरतें. असें असतांही तेवढा वायु किरणाची जकात घेऊन राहतो. नातवानें "पोकळी" म्हटलें त्याला व्यवहारांत क्षमा आहे. पण जें आहे तें नाहीं म्हणणें निराळें, आणि जें थोडें आहे तें किती थोडें हें मोजून सांगणें निराळें.

असे दीडशेंहून अधिक ताऱ्यांचे किरण वाचून, आपल्यापासून पन्नास प्रकाशवर्षांच्या आंत अशा वायूचे सुमारें पंधरा मेघ आहेत असें शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं मांडिलें. आपला सूर्य त्यांपैकीं एका मेघाच्या कडेशीं आहे आणि कांहीं सहस्र वर्षांत त्यांतून बाहेर पडेल असा अंदाज आहे. सूर्य आणि मेघ एकमेकांस सेकंदाला २६ किलोमीटर वेगानें ओलांडीत आहेत. म्हणजे नागपूर ते सावनेर दीड सेकंदांत. ह्या हालचालीमुळें सूर्यमालेंतून एक वारा वाहतो. तो ज्येष्ठा नक्षत्राच्या बाजूनें येतो. सूर्याचा प्रकाश ह्या वाऱ्यांतील हायड्रोजनवर पडून परततो आणि सगळें आकाश जंबुपार रंगांत मंद उजळतें. ही झळाळी १९६९ नंतरच्या एक-दोन वर्षांत पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या एका यानानें प्रथम टिपली. ज्येष्ठा उगवली म्हणजे आम्ही मुलांस आतां सांगतों कीं, वारा त्या बाजूनें येतो आहे. त्यांना तें खोटें वाटतें, आणि तसें वाटणें साहजिक आहे.

हे पंधरा मेघ एका मोठ्या पोकळशा प्रदेशांत तरंगत आहेत. त्याची रुंदी हजारएक प्रकाशवर्षें. त्यांतला वायु ह्या मेघांहूनही विरळ आणि लक्षावधि अंश तापलेला आहे. सुमारें १ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वींपासून पंधरा-एक मोठे तारे एकामागून एक फुटले आणि त्यांच्या धक्क्यांनीं ही जागा झाडून निघाली, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचें म्हणणें. कोठें ती झाडलोट अधिक झाली, कोठें कमी. व्याधाच्या खालच्या बाजूस एक तारा आहे. साध्या डोळ्यांस तो व्याधापुढें फिका. परंतु १९९२ सालीं गेलेल्या एका यानानें जंबुपाराच्याही टोंकाचा प्रकाश पाहिला तेव्हां, सूर्याखेरीज सगळ्या आकाशांत तोच तारा सर्वांत तेजस्वी निघाला. अंतर चारशें प्रकाशवर्षांहून अधिक असूनही! त्या दिशेची वाटच मोकळी आहे.

कोणी विचारील कीं, ह्या विरळ वायूचा आमच्या घराशीं संबंध काय? संबंध आहे. सूर्याचा स्वतःचा वारा बाहेर वाहत असतो आणि भोंवतालच्या मेघास दूर रेटून एक मोठें घुमटासारखें आवरण करितो. बाहेरून येणाऱ्या घातक किरणांपैकीं पुष्कळसे हें आवरण अडवितें. त्याची सीमा 'व्हॉयेजर १' ह्या यानानें ऑगस्ट २०१२ मध्यें ओलांडली, सूर्यापासून पृथ्वी जितकी दूर त्याच्या सुमारें १२२ पट अंतरावर. ही सीमा किती दूर राहावयाची हें बाहेरच्या वायूच्या दाबावर आहे. आज वायु विरळ आहे म्हणून घुमट मोठा आहे. सूर्य एखाद्या दाट मेघांत शिरला तर तो आकसेल. असें पूर्वीं झालें असेल, पुढेंही होईल. आपल्या मार्गांत पुढें काय आहे हें जाणण्याचा मार्ग म्हणजे हेच किरण वाचणें.

ह्या कामांत आपल्या देशाचाही हात लागला आहे, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा लहान नाहीं. ता. २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून 'अ‍ॅस्ट्रोसॅट' हा उपग्रह साडेसहाशें किलोमीटर उंचीवर गेला. त्यावर साडेसदतीस सेंटिमीटरांच्या जुळ्या दुर्बिणी आहेत. एक दूरच्या जंबुपार प्रकाशासाठीं, दुसरी जवळच्या जंबुपार आणि दृश्य प्रकाशासाठीं. बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था, नारळीकरांनीं १९८८ सालीं पुण्यास उभारलेली आयुका, मुंबईची टाटा संस्था, इस्रो आणि कॅनडाची अवकाशसंस्था ह्यांनीं मिळून तें यंत्र सिद्ध केलें. आयुकेचे श्याम टंडन ह्यांचे परिश्रम त्यांत विशेष होते. जवळच्या जंबुपाराची बाजू २०१८ मध्यें निकामी झाली, तरी दुसरी चालूच राहिली. पांच वर्षांच्या बोलीनें गेलेल्या उपग्रहानें सप्टेंबर २०२५ मध्यें दहा वर्षें पुरीं केलीं. २०२० सालीं पुण्याच्या कनक साहा ह्यांच्या मंडळींनीं ह्याच दुर्बिणीनें ९३० कोटी प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेचा असा प्रकाश पकडला कीं जो हायड्रोजन सहसा बाहेर निसटूं देत नाहीं. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते: आपल्या मंगळयानावरही हायड्रोजन व ड्यूटेरियम ह्यांचा जंबुपार प्रकाश मोजणारें एक लहानसें यंत्र होतें.

अभिमान बाळगावयाचा तर हा बाळगावा; पण तोही मापानें. आपली ही दुर्बीण मुख्यतः चित्रें काढणारी आहे. टांकानें ओढलेल्या बारीक रेषा वाचण्याचें काम तिचें नव्हे. आणि मौज अशी कीं, मरीचीकडे ती वळवितां येत नाहीं! एकेक प्रकाशकण मोजणारें तें नाजूक यंत्र, जंबुपार प्रकाशांत इतक्या प्रखर ताऱ्यापुढें धरलें तर कायमचें दुखावेल. म्हणून असे तारे तिच्या दृष्टिपथांत येऊं न देण्याची दक्षता घ्यावी लागते. उलट १९७८ ते १९९६ पर्यंत काम केलेल्या एका जुन्या यानाचीं मापें ठरवितांना हाच मरीचि प्रमाण धरला होता.

बारीक रेषा वाचणारी मोठी दुर्बीण आज हबल, आणि ती १९९० सालची. यंत्राच्या वयाच्या मानानें ती आमच्याहून म्हातारी आहे. बंगळूरच्या संस्थेनें वर्णपट वाचणाऱ्या एका भारतीय जंबुपार दुर्बिणीची योजना मांडली आहे. ती पैशाअभावीं वा उत्साहाअभावीं लांबणीवर पडूं नये असें आम्हांस कळकळीनें वाटतें, आणि त्याचें कारण साधें आहे. पोथी आज वाचली नाहीं तर उद्यां वाचतां येते. किरणाचें तसें नाहीं. १९२१-२२ सालीं निघालेला किरण ज्या रात्रीं येतो त्याच रात्रीं वाचावा लागतो. दारांत कोणी नसेल तर तो वातावरणांत विरतो. नवा येतो हें खरें. पण मेघ सरकतात, तारेही सरकतात, आणि आज ज्या वाटेनें किरण आला ती वाट पुन्हा तशीच्या तशी राहत नाहीं.

आमच्या मेहुण्यांनीं हें सगळें ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हटलें, "मग कणादानें सांगितलेलें खोटें?" आम्ही म्हणालों, "खोटें नव्हे. तो निराळ्या प्रश्नाचें उत्तर देत होता." त्यांचें समाधान झालें नाहीं, आणि तो वाद पुढें दोन दिवस पंगतींत चालला.

ज्यांस मरीचि स्वतः पाहावयाचा असेल त्यांनीं चैत्र ते ज्येष्ठ ह्या महिन्यांत रात्रीं नऊ-दहाच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून बसावें. सावनेराहून तो साठ अंशांच्याही वर चढतो, तेव्हां घराचा किंवा झाडाचा अडथळा होत नाहीं. गांवाच्या दक्षिणेस नागपूर आणि कोराडी ह्यांच्या दिव्यांची पिंवळट प्रभा क्षितिजावर बरीच उंच आली आहे, आणि त्या बाजूचे मंद तारे दिसेनासे झाले आहेत. सातपुड्याची बाजू अजून काळोखी आहे. सप्तर्षि त्याच बाजूस आहेत.